जर, जरी, जोपर्यंत

कुणी जिना चढून वर आलं आणि "सर, मी उद्या येणार नाही," एवढंच म्हणालं, की सर उजवा हात पुढे करून उभे राहत. प्रसाद घ्यायला धरावा तसा उघडा हात.

"पुढे?"

"पुढे काय, सर?"

"का येणार नाही? कधीपर्यंत येणार नाही? काय झालं तर येऊ शकाल? आपण मला नुसता मेन क्लॉज दिलात. नुसता मेन क्लॉज काय, पोलीससुद्धा देतो."

समोरचा चाचपडत "बिकॉज माय सिस्टर इज गेटिंग मॅरिड" इथवर पोचला की हात खाली यायचा. "अभिनंदन. आता जा." या हातापुढे मी शिकायला आलेल्या जवानाला घाम फुटलेला पाहिला आहे, आणि वीजबिल वाटणारा माणूस तर बिलं जिन्यातच टाकून पळत असे.

सर सगळ्यांना 'आपण' म्हणत. आम्हाला, चहावाल्याला, जिन्यात आडव्या पडणाऱ्या मांजरीलाही. "आपण जरा सरकता का?" मांजर सरकत नसे. सर तिला ओलांडून जात आणि वर येऊन सांगत, "अटीचं वाक्य बोललो नाही, म्हणून ऐकलं नाही."

त्यांची शिकवणी मंडईमागच्या गल्लीत, लसणाच्या वखारीवरच्या खोलीत होती. माझ्यासाठी इंग्रजी भाषेला आजही लसणाचा वास येतो. समोरच्या इमारतीत 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' शिकवणारा क्लास होता. त्याच्या फलकावर टाय बांधलेला, दात दाखवणारा माणूस होता. सरांच्या दारावर खडूनं लिहिलेलं असे: 'बोलण्याचे इंग्रजी समोर. वाचण्याचे इथे. घाई असल्यास समोर जावे.' बहुतेक लोक समोर जात.

खाली लसणाचे व्यापारी होते, त्यांना सगळी गल्ली हाजीसाहेब म्हणायची. खोली त्यांचीच. आठवड्यातून एकदा ते जिन्याखालून ओरडत, "अहो सर, तुमची मुलं माझ्या पोत्यांवर बसून बिकॉज-बिकॉज करतात. गिऱ्हाईक पळतं!"

"बिकॉजमुळे पळतं की आपल्या भावामुळे, ते आधी तपासू," वरून उत्तर यायचं.

"तपासा तपासा. तोवर लसूण कुजेल."

"'तोवर' छान वापरलंत, हाजीसाहेब!"

जूनपासून दिवाळीपर्यंत सर एकच गोष्ट शिकवत: ॲडव्हर्ब क्लॉज, म्हणजे क्रियाविशेषणाचं काम करणारं उपवाक्य. दुसरं काहीच नाही. कुणी काळ विचारला, कर्मणी प्रयोग विचारला, तर म्हणत, "ते चुकलं तर लोक हसतात. हे चुकलं तर माणूस अडकतो." मग सांगत, की वाक्यात एक क्रिया असते. ती कधी घडते, कुठे घडते, कशी, का, कशासाठी, तिच्यामुळे काय होतं, कोणत्या अटीवर घडते आणि काय असूनही घडते, हे सांगायला आणखी एक छोटं वाक्य तिच्या आधाराला येतं. त्याला स्वतःचा कर्ता असतो, स्वतःचं क्रियापद असतं, पण ते एकटं उभं राहू शकत नाही. "व्हेन द बेल रिंग्ज" एवढं म्हणून कुणी निघून गेलं, तर आपण दिवसभर घंटेकडे बघत बसू.

आठ प्रकार ते बोटांवर मोजायला लावत, अंगठे सोडून. "अंगठे मोकळे ठेवा. ते उठवायला लागतात." तुलनेचा नववा प्रकार पुस्तकात आहे, हे आमच्यातल्या एकानं दाखवून दिलं, तेव्हा म्हणाले, "तुलना आपल्याला घरी शिकवतातच."

उपवाक्य आधी आलं तर त्याच्यामागे स्वल्पविराम द्यायचा, मुख्य वाक्यानंतर आलं तर बहुधा नाही. याचंही त्यांचं स्पष्टीकरण होतं. पाहुणा यजमानाच्या आधी घरात शिरला तर त्याला क्षणभर ओटीवर थांबवायचं. यजमानाबरोबर आला तर थांबवायचं कशाला?

ते असे का झाले, याच्या तीन कथा विद्यार्थ्यांत फिरत. एक अशी, की ते महापालिकेच्या शाळेत असताना एका कागदावर न वाचता सही करून बसले आणि बढती गेली. दुसरी बायकोच्या आजारपणाची होती. तिसरीत एक प्रेमपत्र होतं. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तिन्ही खऱ्या असत्या, तर मी इतका बरा राहिलो असतो का?"

त्यांची शिकवण्याची रीत मात्र मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. दर शनिवारी प्रत्येकानं बाहेरून एक छापील इंग्रजी वाक्य आणायचं. त्याला ते 'भाजी' म्हणत. पाठ्यपुस्तकातलं वाक्य चालत नसे, ते त्यांच्या मते डब्यातले मटार. कुणी कुकरच्या माहितीपत्रकातलं आणे, कुणी विम्याच्या कागदावरचं, कुणी खोकल्याच्या बाटलीवरचं. मग आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गोल बसायचो आणि मेथी निवडावी तसं ते वाक्य निवडायचो. मधली काडी, म्हणजे मुख्य वाक्य, बाजूला. मग एकेक पान उचलायचं: हे कुठल्या क्रियापदाला लागलंय? काय सांगतंय, वेळ की अट? सर पेन्सिलीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत जायचे. बरेचदा असं व्हायचं, की ज्यानं बाटली रोज घरात पाहिली होती, त्याला तिच्यावर काय लिहिलंय ते त्या शनिवारी पहिल्यांदा कळायचं.

मी तिथे गेले ती नाइलाजानं. पदवीच्या सक्तीच्या इंग्रजीत दोनदा नापास झाले होते. आमचं घर चळवळीचं. वडील कारखान्यात, युनियनमध्ये. आई रात्रपाळीच्या बायकांची संघटना बांधत होती. घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. अक्षरओळख पत्रकांवर झाली, म्हणून 'आई' या शब्दाआधी मला 'कामगारांनो' वाचता आलं असं वडील कौतुकानं सांगत. सोळाव्या वर्षापासून मी पत्रकं लिहू लागले, आणि मला ती चांगली जमत होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

असंच एक पत्रक मी सरांना दिलं. त्यांनी ते तिथेच मांडी घालून निवडायला घेतलं. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर.

"मुख्य वाक्यं अकरा," ते म्हणाले. "उपवाक्य एकही नाही. आपण श्वास कधी घेता?"

"सर, लढाईत जर-तर नसतं."

"लढाईतच असतं. नसेल तर ती मिरवणूक."

सगळे हसले. मला राग आला. घरी जाऊन मी आईला सांगितलं, की हे मध्यमवर्गीय मास्तर लोक शेवटपर्यंत कुंपणावर बसणार. आई म्हणाली, "बसू देत. तू पास हो."

त्याच वर्षी सुनंदा शिकवणीला आली. हिंजवडीच्या पुढच्या एका गावातली, माझ्याच वयाची. गावाच्या शिवारात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यातल्या एखाद्या इमारतीच्या स्वागतकक्षात बसायची नोकरी तिला हवी होती. दोन बस बदलून यायची. समोरच्या क्लासची फी जास्त होती, म्हणून इकडे आली, असं तिनं पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं. "बिकॉज युवर फी इज लेस." सर इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या महिन्यातल्या एका शनिवारी तिनं पिशवीतून एक जाड कागदांचा गठ्ठा काढला. तिच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, आदल्या वर्षी एका बांधकाम कंपनीशी जमिनीचा करार केला होता. करार इंग्रजीत होता. गावातल्या एजंटानं त्याचा अर्थ मराठीत सांगितला होता आणि दादांनी सही केली होती. आता कंपनीचा नकाशा आला होता. त्यात रस्ता दादांच्या राहत्या घरावरून आणि विहिरीवरून जात होता.

"मी यातलं सगळ्यात लांब वाक्य आणलंय," सुनंदा म्हणाली. "भाजी म्हणून."

वाक्य साडेसात ओळींचं होतं. आम्ही सहाजण दोन तास ते निवडत बसलो. हसण्यावारी सुरू झालेलं काम हळूहळू शांत होत गेलं. सरांनी शेवटी कॅलेंडरच्या पाठीवर ते मोठ्या अक्षरांत मराठीतही लिहिलं: जरी नकाशात रस्ता घर व विहिरीवरून दाखवला असला, तरी, जर मालकानं ठरल्या तारखेच्या आत घर आणि विहीर आपल्या वापरात ठेवायची आहे असं कंपनीला लेखी कळवलं, तर कंपनी रस्ता वळवेल, आणि मालक हयात आहे तोपर्यंत त्या जागेला हात लावणार नाही.

कुणा वकिलानं सवयीनं घातलेलं कलम असावं. वाचणार कोण, या खात्रीनं तसंच राहिलेलं. ठरलेली तारीख यायला तीन आठवडे होते.

पुढच्या शनिवारी दादा स्वतः आले. टोपी, धोतर, आणि हाजीसाहेबांशी दोन मिनिटांत लसणाच्या भावावरून वाद घालून झालेला. वर येऊन ते खुर्चीवर बसेनात, आमच्याबरोबर जमिनीवरच बसले.

"मास्तर, हे खरं हाय का?"

"खरं आहे, जर आपण तारखेच्या आत पत्र दिलं तर."

"एजंट तर म्हनला, समदं गेलं. घरबी आन् इहीरबी."

"एजंट 'जरी'चा तुकडा वाचून थांबला."

दादांनी कॅलेंडरच्या कागदावर हात फिरवला. मग म्हणाले, "इहीर माझ्या बापानं आन् मी खांदलीय. मी तवा हिच्यापेक्षा लहान व्हतो." त्यांनी सुनंदाकडे बोट केलं. "जिमीन गेली तर गेली, मास्तर. म्या सही केलीय, मी फिरनार न्हाई. पन इहीर ऱ्हावी."

सरांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं. तीन वाक्यांचं, इंग्रजीत, कार्बन घालून. दादांची सही घेतली. आणि चारचारदा बजावलं, की पत्र कंपनीच्या कार्यालयात हातोहात द्यायचं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख, म्हणजे पोच, घ्यायची. पोचेशिवाय परत फिरायचं नाही.

"मी देते," मी म्हणाले. "मी सोमवारी तिकडेच चाललेय."

हे खरं होतं. त्या गावात जमीन बचाव समिती स्थापन झाली होती आणि तिची पत्रकं मी लिहीत होते. दादा मला ताई म्हणू लागले होते. सरांनी पत्र पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. मी ते झोळीत ठेवलं.

सोमवारी कंपनीत जाण्याआधी समितीची बैठक होती. बैठकीत एकमतानं ठरलं, की सगळे करार फसवून केलेले आहेत. आम्ही ते मानतच नाही. कुणीही कंपनीला सुटं पत्र द्यायचं नाही. एकानं दिलं की दुसरा देईल, आणि महिन्याभरात समिती संपेल. हा ठराव मीच लिहिला. त्याचं पत्रकही मीच केलं. 'करार मान्य नाही. एक गुंठाही देणार नाही.' आणि झोळीत सरांचं पत्र होतं, ज्याची सुरुवातच 'आपल्यात झालेल्या करारानुसार' अशी होती.

मी कंपनीच्या फाटकापर्यंत गेले. पहारेकऱ्यानं विचारलं, "कुणाकडं जायचंय?" मी म्हणाले, "कुणाकडे नाही." आणि परत फिरले.

दादांना गावात मान होता. त्यांचं घर वाचलं असतं तर प्रत्येकजण आपापल्या करारात आपापलं वाक्य शोधत बसला असता. हा हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही. तो मी दादांना सांगितला असता, तर कदाचित त्यांनाही पटला असता. कदाचित ते म्हणाले असते, पत्र द्या परत, मी नेतो. दोन्हींपैकी काय ते ठरवायचा हक्क त्यांचा होता. मी तो त्यांना न विचारता वापरला, आणि वर त्याला तत्त्व म्हटलं.

सुनंदानं विचारलं, "ताई, पत्राचं?" मी म्हणाले, "काळजी करू नकोस." सरांनी विचारलं, तेव्हा सरळ खोटं बोलले. "दिलं, सर. शिक्का मारणारे साहेब रजेवर आहेत."

त्यांचा हात पुढे आला. "पुढे?"

"आले की पोच आणते."

पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तारीख गेली.

समितीचं पुढे काय झालं, ते अशा समित्यांचं होतं तेच. दोन मोर्चे झाले. एकदा आम्हाला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. मग एका दुपारी समितीचे अध्यक्षच कंपनीच्या गाडीतून गावात उतरले आणि चांगल्या अटी मिळाल्याचं सांगू लागले. मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं. ते वाटायला गावात माझ्याबरोबर दोन माणसंही आली नाहीत.

दिवाळीनंतर सुनंदा शिकवणीला आली तेव्हा तिच्या हातात पत्राची कार्बन प्रत होती. ती बसली नाही. दारातच उभी राहिली.

"सर, जेसीबी आलाय. दादा हा कागद घेऊन आडवे गेले, तर कंपनीची माणसं म्हणतात, असं पत्र आलंच नाही. आवक वहीत नाहीये. दादांना ढकलून दिलं त्यांनी."

मी खोलीत होते. सगळ्यांच्या मधोमध, मांडीवर वही घेऊन. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"पत्र गेलं नाही," ते म्हणाले. "चूक माझी."

"पण ताई नेणार होत्या ना?"

"मी ते त्यांच्याकडून परत घेतलं होतं. म्हटलं, इतकं महत्त्वाचं आहे तर स्वतः जावं. आणि राहून गेलं."

"राहून गेलं?" सुनंदानं हातातली प्रत वर धरली. "सर, तुम्ही आम्हाला चारदा बजावलंत. आणि तुमचंच राहून गेलं? का?"

सगळ्यांना 'का' विचारणाऱ्या त्या माणसानं खाली पाहिलं. त्यांनी कारण दिलं नाही. ती जिना उतरून गेली. मी एक शब्द बोलले नाही.

शिकवणी संपल्यावर मी थांबले. आणि मग मात्र भडाभडा बोलत सुटले. समितीचा ठराव, एकजूट, सुट्या पत्रांचा धोका, कंपनीचा डाव. सर ऐकून घेत होते. मधे तोडलं नाही, सुधारलं नाही.

"आपली कारणं सगळी बरोबर आहेत," शेवटी ते म्हणाले. "त्यातलं एकही दादांना विचारलेलं नाही."

"मग तुम्ही खोटं का बोललात? सांगायचं होतं माझं नाव."

"आपल्याला अजून तिथे काम करायचंय. आपलं नाव गेलं, तर त्या लोकांचं कोण लिहिणार? माझं काय, मी म्हातारा मास्तर. विसरतो." ते कॅलेंडरचे कागद गोळा करू लागले. "पण आपण त्यांना सांगावं. आपल्या सवडीनं नव्हे. विहीर बुजायच्या आत."

मी हो म्हणाले. मी गेले नाही. आधी परीक्षा होती, मग दुसरं आंदोलन होतं. मग विहीर बुजली, आणि आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला सांगितलं. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण असे.

त्या भागातली पाच-सहा मुलं सरांकडे येत. ती येईनाशी झाली. मास्तरानं कंपनीकडून काहीतरी घेतलं, अशी बोलवा उठली. हाजीसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही लिहिता-बोलता ना? मग लोकांना सांगत का नाही, की हा माणूस असा नाही?" मी म्हणाले, "लोकांच्या तोंडाला कोण लागणार?" त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की त्यानंतर मी त्या गल्लीतून जाणं टाळू लागले. तोवर मी इंग्रजीत पास झाले होते. सरांनी शिकवलेली सगळी उपवाक्यं पेपरात आली होती.

वर्षभरात सरांनी खोली सोडली आणि लोणी काळभोरला पुतण्याकडे राहायला गेले. सोलापूर रस्त्यानं मी त्यानंतर अनेकदा गेले. एकदा तर बस त्याच थांब्यावर बराच वेळ उभी होती. मी उतरले नाही. ते गेल्याचं मला हाजीसाहेबांकडून कळलं, तेही चार महिन्यांनी.

यंदा एका दिवाळी अंकानं मला लेख मागितला. 'आपल्याला घडवणारी व्यक्ती' असा विषय होता. मी सरांवर लिहायला बसले आणि मांजरीपर्यंत सुरेख लिहून झालं. पुढे लेखणी सरकेना. दादांना सांगितल्याशिवाय हे छापणं म्हणजे आणखी एक पत्रक झालं असतं.

म्हणून एका रविवारी गेले. रस्ता आता चौपदरी आहे. दादा त्या रस्त्याच्या कडेला, दोन खोल्यांच्या घरात राहतात. दारात निळा पिंप, टँकरचं पाणी भरायला. ते पायरीवर बसले होते. डोळे अधू झालेत, पण आवाजावरून ओळखलं.

"ताई, लई दिसांनी. बसा."

मी बसले आणि सांगितलं. सगळं, क्रमानं. पत्र माझ्याकडे होतं. फाटकापर्यंत गेले होते. दिलं नाही. सर खोटं बोलले, माझ्यासाठी. दादा रस्त्याकडे तोंड करून ऐकत होते. मी थांबले. एक कंपनीची बस गेली, मग दुसरी.

"मास्तर आलं व्हतं इथं," ते म्हणाले.

हे मला माहीत नव्हतं.

"इहीर बुजली त्याच्या दुसऱ्या दिशी. उन्हातानाचं चालत आलं फाट्यावरनं. मला म्हनलं, दादा, माझ्या हातनं चूक झाली, माफी मागाया आलोय. मी हितंच बसलो व्हतो. उठलो न्हाई." त्यांनी तळहात गुडघ्यावर घासला. "घामानं निथळत व्हता मानूस. पानीबी इचारलं न्हाई म्या. म्हनलं, या आता. तसंच गेलं माघारी."

मी मान खाली घातली.

"इहिरीचं जाऊ द्या, ताई. तुमी नसतं केलं तर आनखी कुनी केलं असतं. पन माझ्या दारातनं मानूस तहानेला गेला कधी न्हाई. येक गेला. आन् त्येचा काय गुन्हा न्हवता." मग त्यांनी विचारलं, "कुठं असत्यात मास्तर आता?"

"गेले, दादा. दोन वर्षं झाली."

दादा आतल्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "सुनंदा, ताईस्नी पानी आन."

ती रविवार म्हणून घरी होती. दार अर्धवट उघडं होतं, आणि तिनं सगळं ऐकलं असणार. आतून भांड्याचा आवाज आला नाही, पावलांचाही नाही. दादांनी आणखी एकदा हाक मारली. मग भिंतीला हात लावत स्वतः उठले, पिंपाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला, धोतराच्या सोग्यानं त्याचा तळ पुसला, आणि माझ्या हातात न देता तो समोर पायरीवर ठेवला.